सहावी कात्री

१

कात्री निवडताना सिस्टर आधी धार पाहत नसत, वजन पाहत. दुकानातल्या काचेच्या पेटीवर दहा-बारा कात्र्या मांडून घ्यायच्या, डोळे मिटायचे आणि एकेक तळहातावर तोलायची, अशी त्यांची रीत. पाती जड असतील तर मनगट दुखते. मूठ जड असेल तर टोक भरकटते. दोहोंचा तोल मधल्या स्क्रूपाशी यावा लागतो. पहिल्यांदा हे पाहून दुकानदाराला हसू आवरले नव्हते.

"बाई, कात्री घेताय की सोनं?"

"सोनं असतं तर डोळे उघडे ठेवले असते," सिस्टर म्हणाल्या. "ती दुसरी द्या. अशी नाही, मुठीकडून द्या. पात्याकडून कुणी कुणाला कात्री देतं का?"

एकतीस वर्षे त्यांनी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात काढली होती. तेथे शल्यवैद्य जखमेवरची नजर न काढता हात पुढे करतो, आणि परिचारिका त्या हातात नेमके हत्यार ठेवते: मुठीकडून, तळहातावर हलकी चापट बसेल अशा बेताने, म्हणजे पाहिल्यावाचून त्याला कळते की आले. तीही बहुधा पाहत नाही. तबकातले प्रत्येक हत्यार तिला वजनाने ठाऊक असते. निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी सिस्टरांच्या हातांना ही बातमी पोचलेली नव्हती. गल्लीनेही त्यांना सिस्टर म्हणणे सोडले नव्हते.

गच्चीवर चोवीस कुंड्या होत्या आणि त्यांच्यासाठी पाच कात्र्या. बारीक टोकाची पुदिना-सब्ज्यासाठी, स्प्रिंगची टोमॅटोच्या बगलेतले फुटवे काढायला, आखूड जाड पात्यांची मिरच्या-वांग्यांच्या देठांना, लांब पात्यांची गवती चहाला, आणि लाल दोरा बांधलेली पाचवी फक्त आजारी पानांसाठी. पाचवीने निरोगी झाडाला स्पर्श करायचा नाही. एका कुंडीचा रोग दुसरीला बहुतेक वेळा कात्रीच नेऊन देते. खुडणे, तोडणे, छाटणे ही क्रियापदे एका रांगेत उभी राहतात म्हणून ती एका कुळातली ठरत नाहीत. खुडणे बोटांचे असते, तोडणे रागाचे. छाटणे मात्र हिताचे: पेराच्या जरा वर, तिरके, एकाच दाबात, मग त्याच जागी एकाचे दोन फुटतात.

संध्याकाळची तोडणी झाली की पात्यांवरचा चीक कोमट साबणपाण्याने काढायचा, पुसायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, स्क्रूवर तेलाचा एक थेंब, तीनदा उघडमीट, आणि स्वयंपाकघरात गच्चीच्या दाराशेजारच्या फळीवर पाच आकड्यांना पाच कात्र्या. मग आतल्या खोलीतून लेकीचा आवाज येई.

"सिस्टर, मोजणी?"

"पाच. बरोबर!"

हा मायलेकींचा खेळ होता. लेकीने लहानपणापासून आईच्या तोंडून तो नियम इतक्या वेळा ऐकला होता की तो तिला पाढ्यासारखा पाठ होता: कापण्यापूर्वी मोजा, शिवण्यापूर्वी मोजा. एक जरी कमी भरली तर शिवायचे नाही. शिवून झाले असेल तर उघडायचे.

२

धारवाला महिन्यातून एकदा येई. सायकल उभी करून मागच्या चाकावर पट्टा चढवी आणि पायडल मारीत दगड फिरवी. सिस्टरांनी पाचही कात्र्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे दिल्या आणि त्या दूध तापवायला वर आल्या. तासाभराने तो जिना चढून आला. त्याच्या अंगठ्याला चिंधी होती.

"घ्या बाई तुमच्या सहा."

"पाच."

"सहा आहेत. मोजून घ्या ना."

"मी मोजूनच दिल्या होत्या, बाबा. एकतीस वर्षं दुसरं काय केलंय मी?"

"मग मला काय वेड लागलंय, पदरची कात्री घालायला?" त्याने फडके टेबलावर उलगडले. "तुमच्या पाचांना धार लावली. सहावीला लावावीच लागली नाही. नुसतं बोट फिरवून बघितलं, तर हे." त्याने चिंधी दाखवली. "कुठनं आणलीत ही?"

पाच कात्र्यांच्या शेजारी ती पडली होती. विटीएवढी लांब, सडपातळ, टोकाशी किंचित वळलेली. तिच्या कड्यांत बोटाचे एकच पेर मावावे. धातूवर पाण्यासारखी निस्तेज झाक होती. घरगुती बागेसाठी अशी कात्री कोणी घडवत नाही.

"दुसऱ्या कुणाची मिसळली असेल," सिस्टर म्हणाल्या.

"आज सकाळपासून तुमचंच पहिलं घर. भवानी तुमचीच."

तो गेल्यावर त्यांनी ती उचलली. उचलताक्षणी, पाहण्याआधी, तळहाताने तिला ओळखले. त्यांनी ती लगेच खाली ठेवली आणि साबणाने हात धुतले. मग, आपण हात का धुतले, याचा विचार करीत बराच वेळ त्या नळाशी उभ्या राहिल्या.

ज्याची असेल तो येईल, तोवर असू दे, असे ठरवून त्यांनी फळीच्या टोकाला एक खिळा ठोकला आणि सहावी त्यावर टांगली.

"आई," आतून लेक म्हणाली, "काहीतरी खायला दे ना. आज कशी कोण जाणे, हलकं हलकं वाटतंय."

३

लेकीला घरात चिमणी म्हणत. खाणे तसे आणि बोलणेही तसेच. सव्वीस वर्षांची झाली तरी नाव बदलले नव्हते. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रे काढी: फुलाचे भाग, बेडकाचे जीवनचक्र. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी बेडकाच्या शेपटीला रंग देता देता ती पोट धरून खाली बसली. आंत्रपुच्छ फुटले होते.

रुग्णालयात रविवारचे मोजके लोक. डॉक्टर हातांना साबण लावीत म्हणाले, "सिस्टर, दुसरं कुणी नाही. उभ्या राहाल?"

स्वतःच्या माणसाच्या शस्त्रक्रियेला उभे राहायचे नाही, हा लिहिलेला नियम नव्हता. लिहावा लागू नये इतका तो उघड होता. सिस्टर उभ्या राहिल्या. हिरव्या कापडाच्या चौकटीतून लेकीचे वीतभर पोट तेवढे दिसत होते, आणि हे कोणाचेही पोट आहे, असे त्या मनाला बजावत होत्या. हात चोख चालले. मग शिवण्याची वेळ आली आणि पलीकडे पाटी धरून उभ्या असलेल्या परिचारिकेने विचारले, "सिस्टर, मोजणी?"

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या.

हा शब्द त्यांना स्पष्ट आठवतो. त्याचा स्वर, मुखपट्टीच्या आत लागलेली त्याची ऊब, सगळे आठवते. त्याच्या आधीची मोजणी मात्र आठवत नाही. तबकावरून फिरणारे बोट, ओठांत पुटपुटलेले आकडे, काही म्हणजे काही नाही. एकतीस वर्षे प्रत्येक मोजणी बरोबरच आली होती. जीभ त्या उत्तराला इतकी सरावली होती की तिने बोटांची वाट पाहिली नाही. निदान सिस्टरांना तसे भय होते. भयाला त्या रोज नवे उत्तर देत: मोजले असेलच, सवयीने केलेले माणसाला आठवत नाही, दाराला कडी घातल्याचे तरी कुठे आठवते? आणि दार तर लावलेले असते.

पण दार कोणी मागाहून उघडून पाहू शकतो. तीन महिन्यांपासून चिमणीच्या उजव्या कुशीत दुखत होते. ती वाळत चालली होती. आणि त्या दिवशी तबकात ज्या नाजूक, टोकाशी वळलेल्या कात्र्या होत्या, त्यांतली एक आता स्वयंपाकघरात खिळ्यावर लटकत होती. किंवा तिच्यासारखी एखादी. बाजारात सारख्या कात्र्या हजार असतात. वजनही सारखेच असते.

४

दुसऱ्या संध्याकाळी खिळा रिकामा होता.

"चिमणे, इथली लहान कात्री घेतलीस का गं?"

"मी कशाला घेऊ? तुझ्या कात्रीला हात लावायचा म्हणजे आधी आंघोळ करायला हवी." ती बिछान्यावर कुशीवर वळून, गुडघे छातीशी घेऊन पडली होती. "आई, आज परत टोचतंय."

"दुखतंय की टोचतंय?"

"टोचतंय. टोक असल्यासारखं."

सिस्टरांनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. या दोन गोष्टी त्यांनी तेव्हा शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. शहाणे माणूस ठेवीत नाही.

सकाळी त्या गच्चीवर गेल्या तेव्हा मिरचीचे शेंडे मातीत पडलेले दिसले. शेजारच्या गवती चहाची पाती कापलेली. कठड्यावरच्या पुदिन्याचे तुरे, भिंतीवर चढवलेल्या वेलाची कोवळी टोके, सगळी खाली. नेले काहीच नव्हते.

"कबुतरं असतील," खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून डोकावत म्हणाल्या. "नाहीतर तो बोका. मेला माझा रबरी नळसुद्धा खातो."

"बोका तिरकं कापत नाही हो, काकू."

"तिरकं म्हणजे?"

सिस्टरांनी एक काडी उचलून दाखवली. पेराच्या जरा वर, तिरका, एका दाबात घेतलेला छेद. साल कुठे चुरगळलेली नव्हती. परक्याचे काम चुकीचे असते तर त्यांना धीर आला असता. हे काम बिनचूक होते.

काकू गेल्यावर आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जमिनीवर ठेवलेल्या ओव्याला, कोथिंबिरीला कोणी शिवले नव्हते. उंच चढलेला वेलही शेंड्याला कापलेला नव्हता. मध्येच, बाजूला आलेली टोके तेवढी गेली होती. त्यांनी एका टोकाला उभे राहून पाहिले. मिरची, गवती चहा, पुदिना, वेल: सगळे छेद एका उंचीवर होते. गच्चीभर कोणी आडवी दोरी ताणावी, तसे. ती उंची त्यांच्या कमरेच्या थोडी वर येत होती.

आतल्या खोलीतून आवाज आला: टिक.

चिमणी झोपली होती. घड्याळ तर त्या खोलीत नव्हतेच.

५

पुढचे दोन आठवडे त्यांनी फळीवर लक्ष ठेवले. सहावी कधी असे, कधी नसे. असे तेव्हा तिच्यावर चिकाचा हिरवा ओघळ असे. सिस्टर तो स्पिरिटने पुसत, कारण चिकासकट कात्री टांगून ठेवणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. पुसताना तो थोडा ऊबदार लागे. उन्हामुळे, असे त्या म्हणत, आणि फळीवर ऊन येत नसे.

अखेर चिमणीला घेऊन त्या रुग्णालयात गेल्या. निघण्यापूर्वी सवयीने फळीवर नजर टाकली: सहा. रिक्षात चिमणी खिडकीशी बसून गुणगुणत होती.

"आज बरंय ना मला! तुझी खात्री पटावी म्हणून उगाच दुखवून घेऊ का?"

"गप्प बस. डॉक्टरांसमोर असलं बोलू नकोस."

"डॉक्टर घाबरतात तुला, मला नाही."

डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाच्या चौकटीवर लावले. कण्याचे मणी, बरगड्यांच्या कमानी, धुरासारखी आतडी. सिस्टर चित्राजवळ गेल्या. एकेक बोट जागा त्यांनी वाचून काढली. धातू चित्रात लपत नाही. पांढरा शुभ्र उमटतो. येथे पांढरे काही नव्हते.

"कोरं आहे, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "काय शोधताय?" मग चिमणी बाहेर गेल्याचे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "त्या दिवशीची मोजणी तुम्हीच केली होती ना?"

उत्तर द्यायला एक श्वास पुरेसा होता. त्या श्वासात एकतीस वर्षांचे नाव होते, निरोपाच्या दिवशी दिलेली शाल आणि भाषणे होती, आणि चौकटीवरचे ते कोरे चित्र त्यांच्या बाजूने साक्ष देत होते.

"केली होती," सिस्टर म्हणाल्या. "बरोबर होती."

६

आनंद घरच्या जिन्यापर्यंत टिकला. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या.

"काय गं? गुडघा?"

"तू हो पुढे."

चित्र कोरे होते. आज सकाळी फळीवर सहा होत्या. धारवाला आला त्या दिवशी फळीवर सहा होत्या, आणि चिमणीने हलके वाटते म्हणून खायला मागितले होते. दुसऱ्या दिवशी पाच; आणि टोचत होते. त्या पायरीवर उभ्या राहून सिस्टरांनी गेल्या दोन आठवड्यांतला एकेक दिवस आठवला, तबकावरून बोट फिरवावे तसा. सहा असलेल्या दिवशी चिमणी बरी. पाच असलेल्या दिवशी आजारी. अपवाद नव्हता. बुद्धीने एक अपवाद मागितला, कळवळून मागितला, आणि तो सापडला नाही.

म्हणजे चित्र खोटे नव्हते. पाहायला गेलो, तेव्हा ती आत नव्हती, एवढेच.

त्या वर आल्या. चिमणी आधीच बिछान्यावर कुशीवर वळली होती, गुडघे छातीशी. सिस्टर फळीकडे वळल्या नाहीत. गरज नव्हती.

त्यांनी दार लोटून घेतले आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. मोजणी केली नव्हती मी. निदान केल्याची मला आठवण नाही. पोट पुन्हा उघडून पाहा. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे."



"सिस्टर, फोटो कोरा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात दया होती, आणि दयेखाली घाई. "कोऱ्या फोटोवर मी सुरी लावू? तुम्हीच सांगा. थकलाय तुम्ही. झोपेची गोळी लिहून देतो. आणि हे दुसऱ्या कुणाजवळ बोलू नका. तुमच्यासाठी सांगतोय."

"उद्या परत फोटो काढा. मी सांगेन त्या वेळी."

"का बरं त्या वेळी?"

 पाच असतील तेव्हा, असे त्या म्हणाल्या असत्या तर गोळीच्या जागी आणखी काही लिहून मिळाले असते.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. पाच असताना, टोचत असताना, चिमणीला उठवून चपला घालायला लावल्या. दार ओढण्यापूर्वी मागे वळून पाहिले. खिळ्यावर कात्री होती, आणि नुकतीच टांगल्यासारखी हलत होती.

"राहिलं की गं दुखायचं," चिमणी म्हणाली.

७

मग उरला एकच उपाय, आणि तो परिचारिकेचा होता: हत्यार नजरेआड होऊ द्यायचे नाही.

सिस्टरांनी सहावी खिळ्यावरून काढली आणि कामाच्या एप्रनच्या खिशात ठेवली. खिशाचे तोंड शिवून टाकले. त्या एप्रन घालूनच जेवल्या, एप्रन घालूनच आडव्या झाल्या. मांडीवर ते वजन सतत होते. भाजी निवडताना, चहा गाळताना त्या त्याकडे कान लावल्यासारखे लक्ष ठेवीत. झोप लागू नये म्हणून खुर्चीत बसत.

तीन दिवस चिमणी चिमणीसारखी वागली. दोनदा वाढून घेतले. अडकून पडलेले बेडकाचे चित्र पुरे केले. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून म्हणाली, "आता तुझाच फोटो काढायला हवा. आणि तो एप्रन धुवायला टाक, वास मारतोय."

"कसला?"

"ओल्या पानांचा. चिरल्यावर येतो तसा."

सिस्टर हसल्या. लेक खाते-पिते, थट्टा करते. असे असेल तर आपण जन्मभर खुर्चीत बसू, असा मनाशी हिशेब केला. माणसे याहून थोडक्यासाठी याहून मोठी शिक्षा भोगतात.

चौथ्या दिवशी, ऊन उतरत असताना, चहाचे आधण ठेवून त्या गच्चीच्या दारात आल्या. त्यांचा डोळा लागला नव्हता. खरेच नव्हता ना, हे त्यांनी नंतर स्वतःला अनेकदा विचारले असते. पण नंतरला फारसा अवकाश उरला नाही.

चिमणी कुंड्यांच्या रांगेवरून चालत होती. संथ, मंदिराची नव्हे, रुग्णालयाची चाल. पोटावर टाके असलेली माणसे चालतात तशी. दोन्ही हात तिने पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंफले होते. मान किंचित वर. डोळे मिटलेले होते की नाही, ते दारातून दिसत नव्हते. ती मिरचीजवळ थांबली आणि पोट कुंडीकडे झुकवून उभी राहिली, जशी एखादी लहान मुलाला फूल दाखवायला वाकते.

टिक.

शेंडा मातीत पडला. हात पाठीमागेच होते.

ती एक पाऊल सरकली. गवती चहा. टिक, टिक. पाती एकामागून एक वाकून खाली आली. तिच्या उजव्या कुशीपाशी सदऱ्याचे कापड आतून कोणी बोट लावावे तसे जरा उचलले आणि बसले. दोन लहान गोल क्षणभर कापडावर उमटले, शेजारी शेजारी, बोटाचे एक पेर मावेल एवढे.

मग ती पुदिन्याकडे वळली.

सिस्टरांनी मांडीवर हात नेला. खिशाचे तोंड शिवलेलेच होते. एकही टाका सुटलेला नव्हता. खिसा हलका होता.

८

चहाचे पाणी उकळून आटले होते. सिस्टरांनी ज्योत बंद केली, दिवा लावला आणि त्या फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाठीमागे चिमणी आत आल्याचे त्यांनी ऐकले. ती टेबलापाशी थांबली.

"सिस्टर," ती म्हणाली, "मोजणी?"

रोजचाच खेळ, रोजचाच स्वर. जीभ टाळूकडे उचललीसुद्धा होती. ‘बरोबर’च्या ब साठी ओठ मिटले होते. सिस्टरांनी ते तसेच दाबून धरले, आणि फळीवर बोट ठेवले.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. बारीक टोकाची. "दोन." स्प्रिंगची. "तीन. चार." लाल दोऱ्यावर बोट आले. "पाच."

बोट पुढे सरकून रिकाम्या खिळ्यावर टेकले. त्या थांबल्या. त्या थांबण्यात आठ महिन्यांपूर्वीची ती दुपार पुरी मावत होती.

पाठीमागून, उंचीने कमरेच्या थोडे वरून, उत्तर आले.

टिक.

"चुकली," सिस्टर म्हणाल्या. "मोजणी चुकली, बाळा. एक कमी आहे. तेव्हाही कमीच होती."

इतके दिवस आत धरून ठेवलेला हा शब्द बाहेर पडताच छाती मोकळी होईल, असे त्यांना वाटले होते. तसे झाले नाही. उलट खोलीतले सगळे काही जागच्या जागी नीट बसल्यासारखे वाटले, एखादी तयारी पुरी व्हावी तसे.

"कमी भरली तर काय करायचं?" चिमणीने विचारले. पाढा म्हणून घ्यावा, त्या लयीत.

"शिवायचं नाही."

"आणि शिवून झालं असेल तर?"

सिस्टर वळल्या. चिमणी जेवणाच्या टेबलावर उताणी पडली होती. दिवा बरोबर तिच्या डोक्यावर आला होता. सदरा तिने स्वतःच वर घेतला होता, आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. बोटांची पेरे पांढरी पडली होती. चेहरा आपल्या लेकीचा होता, घाबरलेला, आणि डोळ्यांतून कानांकडे पाणी ओघळत होते. आवाज मात्र त्या चेहऱ्याकडे पाहिले तर कोठून येतो, हे सांगता येत नव्हते.

"डॉक्टर नाही म्हणाले ना? मग तुम्हालाच करावं लागेल, सिस्टर."

जन्मात कधी तिने आईला तुम्ही म्हटले नव्हते.

"तुला कुणी सांगितलं डॉक्टर नाही म्हणाले?"

 व्रण दिव्याखाली फिकट चमकत होता, आणि त्याच्या खाली काहीतरी हळूच उघडले, मिटले.

पळून जावे, काकूंना हाक मारावी, शेजारपाजार गोळा करावा, हे सगळे सिस्टरांना सुचले. सुचत असतानाच हेही कळत होते की कोणी आले, पाहू लागले, की फळीवर सहा होतील आणि चित्र कोरे येईल. पाहणारे निघून जातील. मग पुन्हा पाच. नजर हटवली की संपले. आता मात्र त्यांची नजर त्या दोन बोटे लांबीच्या व्रणावर होती आणि ती तेथून काढायची नाही, एवढे एकच त्यांना नक्की माहीत होते. एकतीस वर्षे त्यांच्यासमोर जो शल्यवैद्य उभा असे, तो असाच उभा असे.

त्यांनी नजर न काढता उजवा हात बाजूला, फळीच्या दिशेने पुढे केला. फळी तीन पावलांवर होती. बोटांना ती लागणे शक्य नव्हते.

चिमणीचे दोन्ही हात टेबलाच्या कडांवरच होते.

सिस्टरांच्या तळहातावर हलकी चापट बसली. मुठीकडून, जशी द्यावी तशी.

त्यांनी पाहिले नाही. वजनावरून कळले.